प्रोसेसरचा बारभाई कारभार

लॅपटॉप संथ झाला की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. कुणी व्हायरसचं निदान करतो, कुणी रॅम वाढवायला सांगतो, तर कुणी थेट ‘फॉरमॅट मारा’ हा जालीम काढा लिहून देतो. त्यातल्या त्यात शहाणा माणूस टास्क मॅनेजर उघडतो. तिथे ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ नावाची ओळ नव्वदीच्या पुढचे टक्के गिळून बसलेली दिसते. चोर सापडला, असं म्हणून तो तिला बंद करायला धावतो. विंडोज त्याला दाद देत नाही हे बरंच आहे, कारण ते टक्के म्हणजे प्रोसेसरने न केलेलं काम. रिकामपणाचा इतका प्रामाणिक हिशेब ठेवणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

स्वस्थ बसण्याची ही विद्या प्रोसेसरला माणसांनी मोठ्या कष्टाने शिकवली आहे. त्यामागे साधं गणित आहे. काम करताना चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. म्हणून दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ही वीज जवळजवळ निम्म्यावर येते. २००० साली इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं. एएमडीचं ‘पॉवरनाऊ’ही त्याच सुमाराचं. चार्जर काढला की वेग खाली, लावला की वर. २००८ मध्ये ‘टर्बो बूस्ट’ आलं आणि गंगा उलटी वाहू लागली: काम अंगावर आलं आणि चिप फार तापलेली नसेल, तर ठरल्या वेगापेक्षाही जोरात पळायची मुभा मिळाली.

इथवर सगळं शहाणपणाचं. घोळ होतो तो लगाम कुणाच्या हाती या प्रश्नावर. एक टोक बायोसकडे, दुसरं विंडोजच्या पॉवर प्लॅनकडे, तिसरं लॅपटॉप कंपनीने आपल्या नकळत बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरकडे, आणि शंभर अंशांच्या आसपास तापमान गेलं की चिप स्वतःच ब्रेक दाबते. असा हा बारभाई कारभार. प्रत्येक कारभारी आपापल्या जागी बरोबर असतो, फक्त दुसऱ्याला विचारत नाही. आपण विंडोजमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून निर्धास्त होतो. तिकडे कंपनीचं सॉफ्टवेअर पंख्याचा आवाज नको म्हणून प्रोसेसरला हळू चालायला सांगत असतं.

विंडोजमध्येच ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ नावाची एक खोल दडलेली जागा आहे. तिथले १०० खोडून ९९ लिहिलं की बऱ्याच लॅपटॉपचा टर्बो बंद होतो. एका टक्क्याची किंमत एवढी असू शकते, हे फक्त बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या मुलांना माहीत असतं.

सगळ्यात नामी कारभारी मात्र भिंतीजवळ बसलेला असतो. काही लॅपटॉप चार्जरची ओळख विचारून घेतात. पाहुण्यांचा चार्जर लावला किंवा आपल्याच चार्जरची बारीक पिन वाकली, की ओळख पटत नाही, आणि अडीच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झवर किंवा त्याहूनही खाली येऊन बसतो. बॅटरी भरलेली असली तरी! बिचारा मालक विंडोज पुन्हा पुन्हा बसवत राहतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एवढं करा. मूळ चार्जर लावा. मागच्या जाळीतली धूळ झटका. वेग सांभाळणारं सॉफ्टवेअर एकच ठेवा, बाकीच्यांना सन्मानाने निवृत्त करा. मग एखादं जड काम सुरू करून टास्क मॅनेजरमधला गिगाहर्ट्झचा आकडा पाहा. तो वर चढला, तर प्रोसेसर ठणठणीत आहे. काम संपल्यावर तो पुन्हा खाली आला, तर त्याला दोष देऊ नका. तो जे शिकला तेच करतो आहे.