एक सेमिस्टर मोंढ्यात

११,९०४ आणि १२,००० या दोन आकड्यांत फारसं अंतर नाही. पहिला आकडा जर्मनीत शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याचा. वर्षाच्या खर्चापोटी एवढी रक्कम एका गोठवलेल्या खात्यात आधीच भरून ठेवली, की पोरगा तिकडं उपाशी राहणार नाही अशी जर्मन सरकारची खात्री पटते. दुसरा आकडा जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा. पीएम-किसानचे सहा हजार आणि ‘नमो शेतकरी’चे सहा हजार असे वर्षाला बारा हजार खात्यात पडले, की हाही उपाशी राहणार नाही अशी आपल्या सरकारची खात्री पटते. पहिली रक्कम युरोत आहे आणि दुसरी रुपयांत, एवढाच काय तो फरक. युरो सध्या शंभर रुपयांच्या घरात असला म्हणून काय झालं? नुसते आकडे पाहा, शेतकरी ९६नं पुढंच आहे.

हा हिशोब डोक्यात आला तो आमच्या गल्लीतल्या एका पोरामुळं. वडिलांची अंबड तालुक्यात मोसंबीची बाग; पोरगा पुण्यात अर्थशास्त्र शिकतो आणि तिथूनच एका सेमिस्टरसाठी ‘एक्स्चेंज’वर जर्मनीला गेला. जाण्याआधी त्यानं वडिलांना योजना समजावून सांगितली. फी इथल्या विद्यापीठात भरायची, तिथलं विद्यापीठ फी घेत नाही. तिथं तीस क्रेडिट मिळवायचे आणि ते परत येऊन इथल्या गुणपत्रिकेत लावून घ्यायचे. विमान, खोली आणि जेवण मात्र आपलं आपण.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी बी आपलं, पाणी आपलं, आन मळा दुसऱ्याचा. बटईनं शेती करायलास की रं तू!”

एवढी नेमकी व्याख्या आम्हाला कुठल्याही माहितीपत्रकात सापडली नाही.

तीन महिन्यांनी पोराचा फोन आला, एका पेपरात १.३ मिळाले म्हणून. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आईनं विचारलं, “पुन्हा बसता येतंय का परीक्षेला?” मग उलगडा झाला की जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास. जेवढं कमी तेवढं चांगलं! वडिलांना हे लगेच पटलं. शेतमालाच्या भावाबाबत आपल्याकडच्या सगळ्याच सरकारांचं हेच धोरण असल्यामुळं त्यांना त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

आता मूळ मुद्दा. करार दोन विद्यापीठांचा असतो. आपला एक गेला, की त्यांचा एक आला पाहिजे. त्यांचे येतात ते दिल्ली, मुंबई, बंगळूरला. तिथं ते भारतीय अर्थव्यवस्थेवर निबंध लिहितात, ताजमहाल पाहतात आणि पोट बिघडवून घेऊन परत जातात. जालन्याला आलेला एकही आमच्या पाहण्यात नाही. हा त्यांचा तोटा आहे. आमचा पोरगा तिथल्या वर्गात पडद्यावर जे पाहतो आहे, ते सगळं आमच्याकडं उघड्यावर चालू आहे. तेव्हा कुलगुरूंच्या विचारार्थ आम्ही एका सेमिस्टरचा अभ्यासक्रम तयार केला आहे.

पेपर पहिला, किंमतनिश्चिती. वर्ग मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, भरेल. विद्यार्थ्यानं सकाळी मापाच्या काट्याजवळ उभं राहून एवढंच पाहायचं, की माल विकणारा आपल्या मालाचा भाव सोडून बाकी सगळं कसं बोलतो. २०२४च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात त्याहून शेकड्यांनी कमी मिळत होते. कारण विचारलं तर ओलावा जास्त. ओलावा कमी असेल तर दाणा बारीक, आणि दाणाही टपोरा असेल तर जगात उत्पादन जास्त झालंय म्हणे. अ‍ॅडम स्मिथचा तो प्रसिद्ध अदृश्य हात नेमका कुणाच्या खिशात आहे, हे शोधून काढणाऱ्याला थेट १.०.

पेपर दुसरा, उद्योगांचं स्थाननिर्धारण. आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन विद्वानानं १९०९ साली सिद्धांत मांडला की कारखाना कुठं निघेल हे कच्चा माल, बाजारपेठ आणि मजुरी यांवरून ठरतं. वेबरसाहेबांना एकदा जालन्याच्या एमआयडीसीत आणायला हवं होतं. जिल्ह्यात लोखंडाची खाण नाही, कोळशाची नाही, आणि उन्हाळ्यात पाण्याचीही मारामार. तरीही बांधकामाच्या सळईचं नाव काढलं की महाराष्ट्रभर जालन्याचं नाव निघतं. दूरदूरचं भंगार इथं येतं, वितळतं आणि सळई होऊन परत जातं. जे कुठंच चालत नाही ते जालन्यात चालतं, असा नवा सिद्धांत मांडायला इथं पुष्कळ वाव आहे.

पेपर तिसरा, चलन आणि त्याचा वेग. पैसा जितका फिरतो तितकी अर्थव्यवस्था धावते, असं पुस्तक सांगतं. ऑगस्ट २०२२मध्ये प्राप्तिकर खात्याचे अधिकारी लग्नाच्या वऱ्हाडासारख्या सजवलेल्या गाड्यांतून जालन्यात उतरले. काचांवर नवरी घेऊन जाण्याची भाषा करणारी स्टिकर. न फिरता पडून राहिलेला पैसा एवढा सापडला की नुसती रोकड मोजायला तेरा तास लागल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. प्रात्यक्षिकासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण फ्रँकफर्टलाही मिळणार नाही. सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात एक जोडप्रश्न आहे: ऐन श्रावणात, चातुर्मास चालू असताना, वऱ्हाड आलेलं पाहून गावात कुणाला शंका कशी आली नाही?

पेपर चौथा, तंत्रज्ञान आणि नफ्याची वाटणी. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिकोची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणं, पुढं २००२ साली बीटी कापूस. देशाच्या शेतीचा चेहरा बदलणाऱ्या कितीतरी गोष्टींना जालन्याचा पत्ता आहे. याचा अभिमान आम्हाला आहेच. फक्त ज्या जिल्ह्यातून बियाणं देशभर गेलं, त्याच जिल्ह्यातला कापूसवाला जून उजाडला की बियाण्याच्या पाकिटासाठी कुणाकडं हात पसरतो, हे विद्यार्थ्यानं आलेख काढून समजावून द्यावं. आलेख वर जाणारा असला तरी चालेल. कुणाचा वर जातो, तेवढं खाली लिहावं.

पेपर पाचवा, दीर्घकाळ. अर्थतज्ज्ञ केन्सचा दीर्घकाळावर विश्वास नव्हता, कारण तो मराठवाड्यात राहिला नाही. इथं आम्ही दीर्घकाळातच राहतो. मोसंबी लावली की फळ धरायला पाचेक वर्षं जातात. तेवढ्यात २०१२-१३सारखा दुष्काळ पडतो आणि उभ्या बागेचं सरपण होतं. जालन्याच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५च्या डिसेंबरात झालं. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता नोकरीच्या वयाला आली आहेत. आणि विकासाचा अनुशेष? तो १९८४ साली दांडेकर समितीनं मोजला. २०१३ साली, बर्कलेत अर्थशास्त्राची पीएचडी केलेल्या विजय केळकरांच्या समितीनं पुन्हा अहवाल दिला. मोजण्याच्या बाबतीत मराठवाड्याचा अनुशेष आता बिलकुल उरलेला नाही.

सहावा पेपर प्रात्यक्षिकाचा, आणि तो सक्तीचा. विषय, श्रमाचं अर्थशास्त्र. आपल्याकडं परदेशी सेमिस्टरचं कौतुक चाललं आहे, पण अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्पिढ्या दरवर्षी एक सेमिस्टर बाहेर काढतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. ठिकाण पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटकातला साखर कारखाना. व्हिसा लागत नाही, मुकादम लागतो. जाण्याआधी खर्चाला पैसेही मिळतात, त्यांना उचल म्हणतात. पुढचे सहा महिने ती फेडण्यात जातात. राहायला कोपी. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे दोन माणसांची गणना एक. आजारी पडून गैरहजर राहिलं तर खाडा, आणि त्याचे पैसे कापले जातात. लेकरं सोबत गेली तर त्यांची शाळा गावातच राहते. एवढं शिकून आल्यावर या मंडळींच्या गुणपत्रिकेत एक क्रेडिटही कुणी जमा करत नाही.

एखाद्या वाचकाला वाटेल, हा परदेशी शिक्षणाला विरोध आहे. तसं मुळीच नाही. जालन्यातली महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला ज्यांचं नाव आहे ते परदेशात जाऊन अर्थशास्त्रच शिकले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला जाऊ शकले. १९१५ साली एम.ए. झाले आणि पुढच्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. दहा वर्षं चाकरीचा करार होता, म्हणून १९१७ साली बडोद्यात रुजू झाले, तर दरबारच्या या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याला जातीपायी गावात राहायला खोली मिळेना. पुन्हा पैसे साठवून, उसनवारी करून ते १९२० साली लंडनला गेले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी डी.एस्सी. मिळवलीच. परदेशात शिकलेलं इथं पेरायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पेरण्याजोगी जमीनच कुणी ठेवली नव्हती.

आज शंभर वर्षांनी व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. अनुसूचित जातींतल्या मुलांना परदेशी पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अख्ख्या महाराष्ट्राला वर्षाला ७५ जागा. परदेशी विद्यापीठांशी संयुक्त पदव्यांचे करार करायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली दार उघडलं, नॅकचे ३.०१ गुण असले की आत. आणि शिकून परत आलेल्यांसाठी रोजगारही आहे. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर आले. मागणी-पुरवठ्याचा हा आलेख काढायला जर्मनीला जाण्याचीही गरज नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विद्यापीठांनी परदेशी करारावर सही करताना एक कलम घालावं: जेवढे पाठवू तेवढे घेऊ, आणि आलेल्यांना आधी मोंढा आणि मग उसाचा फड दाखवल्याशिवाय विमानात बसवणार नाही. आपल्या पोरांनी तर जरूर जावं, आणि शेतकऱ्याच्या पोरांना ते ११,९०४ युरो बाग गहाण न टाकता उभे करता यावेत एवढी सोय सरकारनं करावी. पण परतल्यावर त्यांनी एकच उदाहरण सोडवून दाखवायचं: हमीभाव सरकारनं जाहीर केलेला असताना सोयाबीन त्याच्या खाली का विकलं जातं? ते सुटलं नाही, तर पोरानं तिकडून १.० आणले तरी आम्ही त्याला जालन्याच्या हिशोबानं नापासच धरू.