केल्विनकाका

प्रत्येक गोतावळ्यात एक केल्विनकाका असतोच. बँकेतून निवृत्त झालेला, खिशाखिशांचं जाकीट घालणारा, घरच्या लग्नात हौसेने फोटो काढणारा. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत, वेळ द्यावा लागतो.

गुरुजी अंतरपाट शोधत असतात आणि काका नवरीच्या हातात रंगीत चौकोनांचा पुठ्ठा देतात. "हनुवटीखाली धर बाळ, हलू नकोस." पाहुण्यांना वाटतं, पोलीस चौकीत पाटी धरून फोटो निघतोय.

हा पुठ्ठा म्हणजे कलरचेकर. १९७६ पासून बाजारात असलेला, २४ चौकोनांचा, प्रत्येकाचा रंग मोजून ठरवलेला. त्याच उजेडात त्याचा रॉ फोटो घ्यायचा आणि घरी सॉफ्टवेअरला दाखवायचा. कॅमेरा कुठे किती थापा मारतो ते कळतं आणि तेवढी दुरुस्ती बाकीच्या फोटोंना लागते. शास्त्र चोख आहे. अट एवढीच, की उजेड बदलला तर पुठ्ठा पुन्हा धरायचा.

आता मंगल कार्यालयातला उजेड कधी एक असतो का? उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. खिडकीतून येणारं ऊन साडेपाच हजार केल्विनचं, पिवळे दिवे तीन हजारांच्या आसपास, आणि स्टेजवरचे एलईडी तर घडीत गुलाबी, घडीत जांभळे. काका पुठ्ठा घेऊन उजेडामागे धावतात, तोवर सप्तपदी उरकून नवरा-नवरी पंगतीला बसलेली असतात.

ऑटो व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून रंग जुळवण्याचं, नाव काढलं की त्यांचं डोकं फिरतं. "हळदीला सगळीकडे पिवळं बघून कॅमेऱ्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो पिवळेपणा काढायला जातो. अहो, मग हळद लावली कशाला?" यात मात्र काकांचं खरं आहे, अगदी शंभर टक्के.

खरी कसोटी फोटो दाखवताना लागते. "शालू अगदी तस्सा आलाय हो!" मामी खूश. काका फुलतात. लगेच पुढचं वाक्य येतं, "पण मुलगी जरा उजळ नाही का करता येणार?" काकांच्या दुर्दैवाने त्या पुठ्ठ्यावरचे पहिले दोन चौकोन कातडीच्याच रंगाचे आहेत, एक सावळा, दुसरा गोरा. मामी दुसऱ्यावर बोट ठेवतात. "हा करा."

"मामी, हा मोजायला आहे, निवडायला नाही!"

मामी ऐकत नाहीत. संध्याकाळपर्यंत भाचा फोनवर एक फिल्टर मारतो आणि तोच फोटो व्हॉट्सॲपवर साऱ्या गावभर जातो. त्यात मुलगी गोरी दिसते आणि शालूचा रंग मात्र पार उडालेला असतो. त्याबद्दलही मामी काकांनाच बोल लावतात.

तरी तुमच्याकडे कार्य ठरलं असेल तर काकांना जरूर बोलवा. फक्त मुहूर्त अर्धा तास अलीकडचा सांगा.