४९५ची प्रदक्षिणा

वॉशिंग्टन शहराभोवती ६४ मैलांचा एक गोल रस्ता आहे. कॅपिटल बेल्टवे त्याचं नाव, ४९५ त्याचा आकडा. १९६४ साली तो पुरा झाला आणि तेव्हापासून बहुधा त्याच्यावर तीच गाडी त्याच गाडीच्या मागे उभी आहे.

आमचे साडू सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना रस्ता दिसायच्या आधी त्याचा नंबर दिसतो. त्यांचे चिरंजीव गाडी चालवत होते, मला मागे साडूंच्या सौ. अक्का आणि आमची ही यांच्या मध्ये कोंबलं होतं, आणि पुढच्या सीटवरून साडूंचं व्याख्यान चालू होतं.

"शेवटचे दोन आकडे बघायचे. ९५. म्हणजे मायामीहून थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारा थोरला रस्ता. त्याला फाटा फुटला की ९५च्या पुढे एक आकडा लावायचा. तो सम असला तर रस्ता गावाला वळसा घालून पुन्हा मोठ्या रस्त्याला लागणार. विषम असला तर गावात शिरणार आणि तिथेच खलास."

"म्हणजे ३९५ला लागलो तर परत येता येत नाही?" आमच्या हिने काळजीने विचारलं.

साडूंनी तिकडे दुर्लक्ष केलं. त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. इथे उत्तर-दक्षिण जाणारे मोठे महामार्ग विषम आणि पूर्व-पश्चिम जाणारे सम. "आपल्याकडे २०१० साली सगळे नंबर बदलले, ते बरोब्बर याच्या उलट. दिल्ली-चेन्नई ४८, पनवेल-कन्याकुमारी ६६. दोन्ही सम, दोन्ही उत्तर-दक्षिण. यांचं चुकलंय."

"बाबा, यांचे नंबर १९५७ सालचे आहेत."

"मग तेव्हापासून चुकलंय."

आम्ही निघालो होतो लॅनहॅमच्या शिव-विष्णू मंदिरात. घर दक्षिणेला, स्प्रिंगफील्डजवळ. गोल रस्ता म्हटल्यावर कुठूनही गेलं तरी पोचणारच; पण फोनमधली बाई पूर्वेकडून, विल्सन पुलावरून जा म्हणत होती. तेवढ्यात अक्कांनी पाटी वाचली : आउटर लूप.

ही काय भानगड, म्हणून त्यांनी विचारलं. इथे गाड्या उजवीकडून चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाणारी बाजू आत पडते, ती इनर लूप. काट्याच्या उलट जाणारी बाहेर, ती आउटर. गोल रस्त्यावर उत्तर-दक्षिण सांगून उपयोग नसतो, कारण दक्षिणेला निघालेला माणूस थोड्या वेळाने उत्तरेला चाललेला असतो. म्हणून ही सोय. मला ती फार आवडली. अक्कांना नाही.

"म्हणजे आपण उलटी प्रदक्षिणा घालणार? देवाला जाताना?"

"आई, मध्ये देव नाहीये. मध्ये संसद आहे."

अक्कांनी क्षणभर विचार केला. "मग तर जास्तच सांभाळायला हवं."

गाडी इनर लूपला लागली. फोनमधली बाई तीनदा आमचं मन वळवून थकली आणि गप्प झाली. टायसन्सपाशी चार रांगा तुंबलेल्या होत्या. त्यात आम्ही बायकोने आणलेल्या चकल्या संपवल्या. मग पोटोमॅक ओलांडून मेरीलँड. कॉलेज पार्कच्या पुढे एकाच खांबावर दोन लाल-निळ्या ढाली दिसल्या, एकीवर ९५, दुसरीवर ४९५. साडू ताठ बसले. एका रस्त्याला दोन नंबर?

चिरंजिवांनी खुलासा केला. ९५ खरं तर शहराच्या पोटातून आरपार जायचा होता. लोकांनी आमची घरं पाडायची नाहीत म्हणून असा विरोध केला की तो बेत बारगळला. जेवढा तुकडा आत बांधून झाला होता त्याला ३९५ म्हणू लागले आणि १९७७ साली ९५ला या गोल रस्त्याच्या पूर्वेच्या अर्ध्या भागावर आणून सोडलं. तेव्हा त्या भागावरून ४९५च्या पाट्या काढल्या. गोल रस्त्याचा आकडा अर्ध्यावरच संपायला लागल्यावर लोक गोंधळले, आणि नव्वदच्या सुमारास पाट्या पुन्हा लावल्या.

"शंकराची प्रदक्षिणाही अर्धीच असते," अक्का म्हणाल्या. त्यांना पहिल्यांदाच अमेरिकेचं काही पटलं होतं.

येताना तीच दिशा धरली, फेरी पुरी करायची म्हणून. विल्सन पुलावर चिरंजीव सहज बोलून गेले की हा पूल नदीवर वॉशिंग्टनच्या हद्दीचा एक कोपरा कापतो. शहर टाळण्यासाठी काढलेला रस्ता शहरातूनच जातो, हे ऐकून साडूंनी चष्मा काढून पुसला. वास्तविक तिथेच थांबायला हवं होतं. पण मुलाला जोर चढला. न्यूयॉर्कजवळ आणखी एक ४९५ आहे, आकडा वळशाचा. पण तो लाँग आयलंडवर सरळ जातो आणि रिव्हरहेडला संपतो. आणि कॅलिफोर्नियात ओकलंडच्या दक्षिणेला दोनेक मैलांचा २३८ आहे.

"म्हणजे ३८चा फाटा."

"३८ नावाचा महामार्गच नाही, बाबा. तिथे ८०च्या फाट्यांना द्यायला आकडे उरले नव्हते. राज्याच्या जुन्या रस्त्याचा नंबर २३८ होता, तोच ठेवला."

गाडीत शांतता पसरली. "ज्याने सही केली त्याची चौकशी झाली असेल," साडू म्हणाले.

"नाही. अजून तोच नंबर आहे."

"मग बढती मिळाली असणार," साडू म्हणाले. आवाजात खात्यातल्या तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव होता.