वानरांचे हिशेबनीस

आमच्या गावात अप्पांना "काय अप्पा, काय म्हणताय?" असं सहज कुणी विचारत नाही. परगावचा माणूस विचारतो आणि त्याची दाभोळची फेरीबोट चुकते. कारण अप्पा खरोखरच सांगायला लागतात. सुरुवात वानराच्या पोटापासून होते, मध्ये कॉम्प्युटर येतो आणि बोट सुटायच्या सुमाराला प्रकरण नर-मादीवर आलेलं असतं. तिथून मात्र कुणाला उठवत नाही.

अशी माणसं प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरी असतातच. शिक्षण एका गोष्टीचं, नोकरी दुसऱ्या ठिकाणी आणि जीव तिसरीकडेच. अप्पांचा जीव एकाच वेळी आहार, कॉम्प्युटर आणि नर-मादी या तिन्हींत अडकला आहे, आणि ही तीन खाती वेगळी नसून एकच आहेत, असं ते शपथेवर सांगतात.

हयात एसटीच्या हिशेब खात्यात गेली. कंडक्टरची रोकड आणि वेबिल यांत चार आण्यांचा फरक आला तरी त्या दिवशी अप्पांना जेवण जात नसे. निवृत्त झाल्यावर दापोली तालुक्यातल्या वडिलार्जित वाडीत आले. वाडीत हापूसची कलमं, माड, चार फणस, आणि या सगळ्याचे वहिवाटदार म्हणजे वानरं आणि माकडं. कोकणात हा उपद्रव कुणाला नाही? लोक डबे वाजवतात, सुतळी बॉम्ब लावतात, गलोली मारतात, अर्जफाटे करतात. अप्पांनी यांतलं काही केलं नाही. त्यांनी वानरांच्या नावे खातं उघडलं.

पुतण्याने पुण्याहून जुना कॉम्प्युटर पाठवला होता, त्याच्यावर. तारीख, वेळ, जनावर, काय खाल्लं, किती खाल्लं, किती नासलं असे रकाने. शेवटच्या रकान्याची बेरीज नेहमी सगळ्यांत मोठी. त्यांच्या पत्नी माई म्हणतात, "वानरांनी नारळ खाल्ले ते परवडलं, ह्यांनी माझं डोकं खाल्लं."

पण हिशेबातून काही कळत नाही, असं कुणी म्हणू नये. एका मोसमातच अप्पांच्या लक्षात आलं की ही दोन जनावरं दोन स्वभावांची आहेत. लाल तोंडाचं माकड येतं, ओरबाडतं, गाल फुगवतं आणि पळतं. त्याच्या गालांत चक्क थैल्या असतात. लुटायचं इथे आणि खायचं निवांत दुसरीकडे. काळ्या तोंडाच्या वानराला अशा थैल्या नाहीत. तो पंगतीला बसल्यासारखा फांदीवर ऐसपैस बसतो आणि पालवी चावत राहतो. त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं, त्यात जिवाणू पाला आंबवतात आणि वानराला त्यातून पोषण मिळतं. हे वाचल्यावर अप्पांनी आंब्याची कोवळी पालवी स्वतः चावून पाहिली. माईंनी ते पाहिलं आणि पुतण्याला फोन केला.

तिथून मग जगातली सगळी माकडं वाडीत आली. इथिओपियाच्या डोंगरात गेलाडा नावाचं माकड गुरांसारखं गवत खातं. टार्सियर हा डोळेबटाट्या प्राणी झाडपाल्याला शिवतसुद्धा नाही, किडे आणि सरडेच खातो. १९६० साली गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी चिंपांझीला मांस खाताना पाहिलं. तोवर तो फळाहारी सोवळा समजला जात होता. पारावर "माणूस मुळात शाकाहारीच" असं कुणी ठासून सांगू लागला की अप्पा त्याला चिंपांझी ऐकवतात. हर्णैचा मासेवाला त्यावर खूश झाला की लगेच त्याला गोरिला ऐकवतात, जो एवढं थोरलं धूड पाल्यापाचोळ्यावर पोसतो. दोन्ही पक्ष नाराज झाले की निकाल देतात, "माणूस शाकाहारी नाही आणि मांसाहारीही नाही. तो चुलीवरचा प्राणी आहे." यामागे रिचर्ड रँगम या मानवशास्त्रज्ञाचं मत आहे, की अन्न शिजवायला लागल्यामुळे आपलं आतडं लहान झालं तरी चाललं आणि मेंदू मोठा झाला. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव बसल्या जागी वीस टक्के ऊर्जा खातो. "म्हणजे मेंदूसुद्धा चुलीपाशी बसलेल्या बाईच्या जिवावर वाढला," हे त्याला अप्पांचं पुरवणीपत्र. घरात मात्र ते भांडं विसळायलाही उठत नाहीत.

अप्पांचं लाडकं उदाहरण मात्र पनामाचं. तिथल्या बारो कोलोराडो बेटावर कॅथरीन मिल्टन या बाईंनी दोन जातींची माकडं तपासली. एक हाउलर, ते बरंचसं पाल्यावर भागवतं. दुसरं स्पायडर, ते फळांच्या मागे रानभर हिंडतं. वजनं साधारण सारखी. मेंदू मात्र फळवाल्याचा जवळजवळ दुप्पट. कुठलं झाड कुठे आहे आणि ते कधी पिकतं, हे ध्यानात ठेवायला डोकं लागतं, पाला काय सगळीकडेच असतो, असा मिल्टनबाईंचा विचार. यात चूक काढण्यासारखं काही नाही. फक्त श्रावणात शेजाऱ्यांच्या घरी जेवायला बसलेले असताना, पानात अळू, टाकळा आणि भारंगी अशा तीन पालेभाज्या वाढलेल्या असताना, अप्पांनी ते सांगायला नको होतं.

एव्हाना माईंनी विचारलंच होतं, "हे तुमचं कधी संपणार?" अप्पांनी तितक्याच गांभीर्याने उत्तर दिलं, "ते आधी सांगता येत नाही. १९३६ सालीच सिद्ध झालंय." ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने त्या वर्षी दाखवून दिलं, त्याचा हिशेबनीसाच्या कामाचा भाग असा: कुठलाही प्रोग्रॅम थांबणार की चालतच राहणार, हे प्रत्येक बाबतीत आधीच सांगू शकेल असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. आयुष्यभर लाल शाईने 'ताळा जमला' असं लिहिलेल्या माणसाला हे कळल्यावर दोन दिवस ताप यायला हवा होता. अप्पांना उलट हुरूप आला. काही ताळे जमणारच नाहीत, हे कुणीतरी ताळेबंदच मांडून दाखवलंय, याचा त्यांना कोण आनंद!

मग पुतण्याकडून फोनवर प्रोग्रॅम लिहायला शिकले. वाडीत डबा कधी वाजवायचा, याचं वेळापत्रक कॉम्प्युटरने काढावं अशी योजना. जॉन हॉलंड यांनी १९७५ साली पुस्तक लिहून मांडलेली रीत त्यांनी उचलली. आधी आडवीतिडवी शंभर वेळापत्रकं करायची. ज्यांनी वहीतल्या जास्त धाडी अडवल्या असत्या ती ठेवायची, बाकीची टाकायची. उरलेल्यांची आपसांत लग्नं लावायची, म्हणजे एकाचा अर्धा दिवस आणि दुसऱ्याचा अर्धा दिवस जोडून नवं वेळापत्रक. अधूनमधून एखादी चूक मुद्दाम घालायची. असं पिढ्यान्‌पिढ्या. अप्पांनी लग्नं न लावता नुसत्या नकला करूनही पाहिलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर लग्नवाल्यांचा वंश सरस ठरला, आणि अप्पा वानर, डबा, आंबा सगळं विसरून एकाच प्रश्नावर येऊन बसले: निसर्गात नर आणि मादी ही भानगड आहेच कशाला?

प्रश्न दिसतो तितका चावट नाही. जॉन मेनार्ड स्मिथ या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने तो चोख हिशेबाने मांडला. एखादी मादी नराशिवाय नुसत्या मुलीच घालू लागली तर तिचा वंश दुपटीने वाढेल, कारण नर पिल्लं घालत नाही. म्हणजे प्रत्येक पिढीत निम्मा घाटा. हा घाटा निसर्ग सोसतो कसा? हे मेनार्ड स्मिथ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे विद्यार्थी, आणि हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन कोलकात्याच्या ज्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, तिथेच देशातला पहिला कॉम्प्युटर त्याआधी येऊन बसला होता. कॉम्प्युटर आणि उत्क्रांती एका छपराखाली! अप्पा हे असं सांगतात, जणू सोयरीक त्यांनीच जमवली.

बचत गटाच्या बायकांनी त्यांना हिशेब कॉम्प्युटरवर चढवून द्यायला बोलावलं होतं. व्याजाचा रकाना भरता भरता अप्पा म्हणाले, "मला सांगा, नर ठेवलाय कशाला?" क्षणभर शांतता. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "अप्पा, ठराव लिहून घ्या. आम्ही सगळ्या सह्या करतो."

वेळापत्रकाचं काय झालं, ते सांगायलाच हवं. गेल्या वर्षीच्या धाडींसाठी ते बिनचूक होतं. यंदाची माकडं गेल्या वर्षीच्या वहीप्रमाणे वागली नाहीत. डबा वाजायच्या वेळी फणसावर आणि डबा थांबला की आंब्यावर, असा त्यांनी आपला क्रम लावून घेतला. दुसरा कुणी असता तर त्याने कॉम्प्युटर विहिरीत टाकला असता. अप्पा पारावर धावत आले: "हॅमिल्टन हेच म्हणतो!" बिल हॅमिल्टन हा उत्क्रांतीचा अभ्यासक म्हणतो ते असं, की रोगजंतू आणि परजीवी सतत बदलत असतात, आपल्या कुलपाला किल्ली शोधत असतात. सगळी पिल्लं एकसारखी असली तर एका किल्लीने सगळं घर उघडतं. म्हणून दर पिढीला पत्ते पिसायचे, कुलपं बदलायची. तेवढ्यासाठी नर पोसायचा. हॅमिल्टनने हे कॉम्प्युटरवर खेळवून दाखवलं. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक इवलीशी गोगलगाय असते, तिच्यात नराशिवाय पिल्लं घालणाऱ्या माद्याही असतात. जिथे परजीवी फार, तिथे नर जास्त आढळतात.

"आणि न्यूझीलंड कशाला," अप्पा म्हणतात, "माझी वाडी बघा." हापूसचं प्रत्येक झाड कलम आहे. कोय रुजवून हापूसचा हापूस येत नाही, म्हणून रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधायची. म्हणजे हापूस वर्षानुवर्षं तोच, नुसती नक्कल. तुडतुड्याला, करप्याला एकाची किल्ली सापडली की सगळ्या बागेची सापडली. रायवळ मात्र कोयीतून येतो, प्रत्येक झाड वेगळं, कुठलं आंबट, कुठलं गोड, कुठलं नुसतं रेषांचं. कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून रत्ना काढला, तेव्हा कुठे हापूसच्या घरात लग्नकार्य झालं. बागायतदार हे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "मग औषध कुठलं मारू?" ते अप्पांना ठाऊक नसतं.

हनुमान जयंतीचा प्रसंग गाव अजून विसरलेलं नाही. सुंठवडा हातात असताना अप्पांनी धारवाड काढलं. तिथे साठच्या दशकात सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिलं की कळपावर नवा हुप्प्या आला की तान्ही पिल्लं मारली जातात. पुढे अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी वानरांचाच अभ्यास करून त्याचा अर्थ लावला: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश सुरू होतो. त्यावर माद्यांचाही तोडगा असतो, त्या एकाहून अधिक नरांशी संग करतात, म्हणजे पिल्लू कुणाचं याची खात्री कुणालाच नाही, आणि खात्री नाही तर मारायचं कसं? इथे कीर्तनकारबुवांनी झांजा उचलल्या.

एका माणसाबद्दल मात्र अप्पा थट्टा करत नाहीत. ट्यूरिंगने १९५२ साली प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे-ठिपके कसे उमटत असतील यावर गणिती निबंध लिहिला. आपलं शेत सोडून दुसऱ्याच्या शेतात शिरला म्हणून अप्पांना तो घरचा वाटतो. त्याच वर्षी पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल कोर्टाने त्याला दोषी ठरवलं आणि तुरुंगाऐवजी हार्मोन टोचून घ्यायला लावले. १९५४ साली तो गेला. राजमाफी आली २०१३ साली. पारावर कुणीतरी तोंड वाकडं करून विचारलं, "हे असलं जनावरांत असतं का?" अप्पांनी जपानी माकडांच्या माद्या सांगितल्या, बोनोबो सांगितले. "पण त्याचा उपयोग काय?" "नीट ठाऊक नाही. पण नोंद आहे. कारण कळलं नाही म्हणून नोंद खोडायची नसते, मी एसटीत होतो."

अप्पांच्या घरात देवघराशेजारी र. धों. कर्वे यांचा फोटो आहे. कर्वे घराणं आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचं. गणिताचा प्राध्यापक, संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरीला मुकला आणि १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत राहिला. आकडेमोडीच्या माणसाने या विषयात पडू नये, असं कुणी म्हटलं की अप्पा नुसतं त्या फोटोकडे बोट दाखवतात.

दोष? आहे ना. अप्पांची पहिली तीन वाक्यं पुस्तकातली असतात, चौथं त्यांचं स्वतःचं असतं, आणि चारही एकाच आवाजात येतात. मुंबईत पालेभाजी महाग म्हणून तिथली माणसं हुशार, हे चौथं वाक्य होतं. पण "हे कुठे वाचलंत?" असं विचारलं तर ते लगेच म्हणतात, "हे माझं आहे, धरू नका." मोबाइलवर सकाळ-संध्याकाळ ज्ञान वाटणाऱ्या किती जणांकडून हे उत्तर येतं, ते बघा विचारून. अप्पांचा आंबा अजूनपर्यंत एकही वाचलेला नाही आणि वही एकही चुकलेली नाही. माझ्या मते माणूस नफ्यात आहे.

दापोलीकडे आलात तर त्यांच्या वाडीत जरूर जा. आंबे मिळतीलच असं नाही. मे महिन्यात जा, कारण पावसाळ्यात वीज जाते, कॉम्प्युटर बंद पडतो आणि मग अप्पा सगळं तोंडी सांगतात. ते दुप्पट लांब असतं.