आधी पत्ता, मग दुखणं

युरोपातल्या रोमा लोकांच्या बोलीत वेदनेला ‘दुख’ म्हणतात. पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेली ही माणसं. स्लोव्हाकियात 2000 साली एका रोमा बाईला कळा येत असताना कागदावर सही करायला लावली आणि तिची नसबंदी करून टाकली. ‘रुग्ण रोमा वंशाची’, अशी नोंद तिच्या केसपेपरवर होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला तो 2011 साली.

तिथे दुखण्याआधी वंश पाहिला; इथे आधी पत्ता पाहतात. मी हे बेंगळुरूत बसून लिहितोय. इथे बन्नेरघट्ट्याच्या जंगलाला लागून हक्की पिक्कींची वस्ती आहे. कन्नडमध्ये हक्की म्हणजे पक्षी; हे पक्षी पकडणारे. बाहेर कन्नड बोलतात, घरात वाघरी, म्हणजे आपल्या फासेपारध्यांच्या बोलीची नातलग. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांचा पिढीजात धंदा बेकायदा ठरला. मग माळा, केसांचं तेल, जडीबुटी विकत फिरणं आलं. एप्रिल 2023मध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा तिथे अडकलेल्या कर्नाटकातल्या लोकांत हेच होते. औषधं विकायला आफ्रिकेपर्यंत गेलेले!

पोटासाठी फिरणाऱ्या अशा बाईला दिवस गेले की काय होतं? कर्नाटकात गरोदरपणी ‘तायी कार्ड’ मिळतं; तायी म्हणजे आई. नोंद राहत्या भागातल्या आरोग्यसेविकेकडे. तपासणीची तारीख येते तेव्हा बाई तिसऱ्याच गावच्या जत्रेत माळा विकत असते. मोठ्या उपचाराचा पूर्ण खर्च सरकारने उचलावा, तर बीपीएल रेशनकार्ड हवं. रेशनकार्डाला पत्ता हवा. पालाला कुठला पत्ता?

कार्ड नसण्याची किंमत काय, ते तुमकूरुने दाखवलं. बेंगळुरूपासून सत्तरेक किलोमीटर. नोव्हेंबर 2022मध्ये तिथे कामासाठी येऊन राहिलेली एक तमिळ बाई कळा सोसत जिल्हा रुग्णालयात गेली. आधार नाही, तायी कार्ड नाही. बेंगळुरूला जा, असं सांगून तिला परत पाठवलं. ती घरी आली, घरातच बाळंत झाली, आणि जुळ्या बाळांसकट गेली. डॉक्टर आणि परिचारिका निलंबित झाल्या. तातडीच्या वेळी कागद मागू नका, असं सरकारने त्यानंतर बजावलं. सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच सांगितलेलं होतं. सव्वीस वर्षांत ते वाक्य तुमकूरुच्या खिडकीपर्यंत पोचलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

कागद न मागण्याचा हुकूम नुसता फाइलीत ठेवू नका. कन्नड, तमिळ, उर्दू, वाघरी बोलणारं माणूस अपघात विभागाच्या दारात उभं करा आणि त्याला पहिला प्रश्न एकच विचारू द्या: कुठं दुखतंय?

तुमकूरुच्या त्या बाईला रुग्णालयात न्यायला शेजाऱ्यांनी पैसे गोळा केले होते. त्यांनी तिच्याकडे कार्ड मागितलं नव्हतं.