कमी सिग्नलची साधना

अमेरिकेतल्या घरगुती स्कॅनरधारकाचे जाहीर कौतुक व्हायला हवे. पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे बोलणे ऐकण्यासाठी तो 700 डॉलरच्या आसपास मोजून डिजिटल स्कॅनर घरी आणतो. पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या दांड्या उभ्या, आवाज मात्र तुटक.

अडाणी माणूस अशा वेळी छपरावर उंच अँटेना चढवेल. ॲनालॉगच्या काळात ते शोभलेही असते. आता अनेक ठिकाणी शहरभरचे रेडिओ मनोरे एकच संभाषण एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच क्षणी पाठवतात. पोलिसांच्या वॉकीटॉकीला ते चालते. अनेक स्कॅनरना मात्र मायक्रोसेकंदांच्या फरकाने पोचलेल्या लहरींची ही खिचडी पचत नाही. म्हणून जाणकार सांगतात, सिग्नल कमी करा. एकाच मनोऱ्याकडे रोखलेला यागी अँटेना लावा, सिग्नल क्षीण करणारा ॲटेन्युएटर चालू करा, यंत्र तळघरात न्या. काहींनी तर अँटेना काढून तिथे पेपरक्लिप खोचली. आवाज खरोखरच सुधारला!

मग इथेच का थांबावे? पेपरक्लिप अर्धी कापावी. पुढे स्कॅनर पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावावे. तिथे दोन मनोऱ्यांचे भांडण संभवतच नाही.

न्यू यॉर्क पोलिसांना नागरिकांचे हे हाल पाहवले नसावेत. 2023 पासून त्यांनी ब्रुकलिनमधून सुरुवात करत आपले संभाषण टप्प्याटप्प्याने कूटबद्ध करायला घेतले. जिथे ते झाले, तिथे रिसेप्शनची तक्रारच उरली नाही. खरखर नाही, तुटकपणा नाही; आणि पेपरक्लिप स्कॅनरच्या पावतीला लावायला मोकळी.