पाव फेरा

आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून रात्री साडेनऊनंतर 'टक्... टक्... कर्रर्र' असा आवाज आला तर वॉचमनला हाक मारू नये. वॉचमन तिथेच असतो. तो टॉर्च धरून उभा असतो आणि अप्पा त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले असतात.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले. खतावण्या हाताने लिहायच्या काळात एका रुपयाचा फरक सापडेना म्हणून अख्ख्या शाखेला रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवणारा हा माणूस. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सुचवली. डॉक्टरांच्या मनात बहुधा साधी, टोपलीवाली सायकल असावी. अप्पांनी रोडबाइक आणली. खाली वळलेलं हँडल, अंगठ्याएवढे टायर, पुढे दोन चकत्या, मागे आठ. शाळेत असताना बिनगिअरच्या अ‍ॅटलसवर मित्राला डबलसीट घेऊन कात्रजपर्यंत जाणाऱ्या माणसाच्या हातात अचानक सोळा गिअर आले. घात तिथेच झाला.

नव्या सायकलची एक गंमत असते. गिअरची केबल आणि तिच्यावरचं आवरण सुरुवातीच्या दिवसांत आपापल्या जागी बसतं, केबल किंचित ढिली पडते आणि गिअर कुरकुरायला लागतात. म्हणूनच दुकानदार सांगतो, महिन्याभराने घेऊन या, फुकट लावून देतो. अप्पांनाही त्याने सांगितलं होतं. त्यावर अप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी दुकानात कशाला? हे तर घरच्या घरी होतं." या एका वाक्यापायी मराठी मध्यमवर्गाच्या घरांतले किती मिक्सर आणि किती भिंतीवरची घड्याळं कायमची गप्प झाली असतील याची कुणी मोजदाद केलेली नाही.

तेव्हापासून अप्पांच्या शर्टाच्या खिशात, जिथे पूर्वी पेन असायचं तिथे, पाच नंबरची अ‍ॅलन की असते. एका साखरपुड्यात रुमाल काढताना ती नेमकी मुलीच्या काकांच्या ताटात पडली. अप्पांनी ती शांतपणे उचलली, पुसली आणि "केबलच्या बोल्टाला हीच लागते" अशी माहिती दिली. काकांनी ताट बदलून घेतलं.

चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या डिरेलरला दोन बारके स्क्रू असतात, एच आणि एल. चेन बाहेरच्या बाजूला कुठवर आणि आतल्या बाजूला कुठवर जाईल, एवढी हद्द ते ठरवतात. मधल्या गिअरांशी त्यांचा संबंध नाही. पण नवशिक्याला आधी दिसतात ते हेच. अप्पांनी एल ढिला केला, सर्वात मोठ्या चकतीवर गिअर टाकला, आणि चेन चकती ओलांडून थेट स्पोकांत जाऊन बसली. चाक जागीच थांबलं. सुदैवाने अप्पा तेव्हा गेटपाशीच होते. "तरी मी विचार करत होतो, हा स्क्रू एवढा सहज कसा फिरतो!" ते म्हणाले. आवाजात पश्चात्ताप नव्हता, शोध लागल्याचा आनंद होता.

खरी किल्ली वेगळीच. केबल डिरेलरमध्ये शिरते तिथे एक छोटी खाचेदार फिरकी असते. मोठ्या चकतीवर चढताना चेन आळस करत असेल तर फिरकी बाहेर सोडायची, म्हणजे केबल ताणली जाते. उतरताना आळस करत असेल तर आत घ्यायची. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. हे अप्पांना कळलं आणि 'पाव फेरा' हे त्यांचं जीवनसूत्र झालं. वहिनींच्या आमटीत मीठ कमी असेल तर "पाव फेरा हवं होतं." नातवाला शाळेत ओरडा बसला तर "बाई पाव फेरा जास्त कडक आहेत."

गिअर लावायला मागचं चाक अधांतरी हवं. त्यासाठी स्टँड मिळतो, पण अप्पांनी सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला सीटपासून टांगली. राहिला प्रश्न पायडल फिरवण्याचा. अप्पांचा एक हात शिफ्टरवर, दुसरा फिरकीवर. म्हणजे पायडल वहिनींकडे आलं.

"फिरव. थांब. आता फिरव. ऐकू येतंय? तिसऱ्यावर गुणगुणतंय."

"मला कुकरची शिट्टी ऐकू येतेय."

"फिरव! अगं, उलटं नाही, चेन पडेल!"

चेन पडली. वहिनींनी हात झटकले, पण त्याआधी काळं वंगण धुतलेल्या चादरीला लागलं होतं. वातावरण निवळावं म्हणून अप्पांनी इतिहास काढला. 1937 सालापर्यंत टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला बंदी होती म्हणे. घाट आला की शर्यतवाले खाली उतरत, मागचं चाक काढून उलटं बसवत, दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चेन चढवत आणि मग पुढे जात.

"बंदी उगाच नसेल घातली," वहिनी चादरीकडे बघत म्हणाल्या.

आपला मुद्दा 1984 पर्यंत गेलाच नाही याचं अप्पांना वाईट वाटलं. त्या साली शिमानोने खटक्याचे गिअर बाजारात आणले, म्हणजे एक खटका, एक चकती. त्याआधी दांडी अंदाजाने सरकवायची आणि कानाने जागा शोधायची. अप्पांच्या हाती खटक्याचे गिअर आहेत, पण पद्धत अजून जुनीच. डोळे मिटून, मान तिरकी करून ते चेनचा आवाज ऐकतात तेव्हा गवयाच्या मागे तंबोरा जुळवायला बसलेल्या शिष्याची आठवण होते. फरक इतकाच की इथे गवई कधी गायला बसत नाही.

इतकं करूनही पाचव्यावरची कुरकुर जाईना. पाव फेरा बाहेर, पाव फेरा आत. चौथा सुधारला की सहावा बिघडे. शेवटी निदान केलं वहिनींनी, तेही कपडे काढायला आल्या असताना. सायकलच्या मागे उभ्या राहून म्हणाल्या, "ते खाली लोंबणारं वाकडं आहे की!"

खरोखरच वाकडं होतं. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो, तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे सायकल पडली तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. अप्पांनी कधीतरी सायकल लिफ्टमध्ये उजव्या अंगावर टेकवली असणार. तो वाकडा असेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी गिअर लागणार नव्हते.

दुकानातल्या पोराने डिरेलर काढला, त्या जागी एक लांब दांड्याचं हत्यार फिरवून बसवलं, ते रिमशी चार ठिकाणी ताडून पाहिलं, हलकेच दाबलं आणि तुकडा सरळ केला. अप्पा त्याच्या खांद्यावरून बघत होते. काम झाल्यावर पोरगा म्हणाला, "काका, आता हात लावू नका." अप्पांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले, घामाघूम आणि खूश. "लोण्यासारखे पडतात गिअर!" आणि त्याच रात्री पार्किंगमधून पुन्हा टक्, टक्. विचारलं तर म्हणाले, "बिघडलं काही नाही रे. कसं लागलंय ते नुसतं बघतोय."

याच माणसाकडे आता सोसायटीतल्या पोरांच्या सायकलींची रांग लागते. प्लॅस्टिकच्या शिफ्टरच्या, गंजक्या केबलच्या, धुळीने माखलेल्या सायकली. त्या ते एका बैठकीत लावून देतात, पैसे घेत नाहीत, वर पोराला चेन पुसायला शिकवतात. दुसऱ्याची सायकल 'बरी' झाली की त्यांना पुरतं. 'बरी' चालत नाही ती फक्त स्वतःची.

तर अप्पा कुठे भेटले तर गिअर कसे आहेत, असं विचारू नका. हवा भरलीत का, असंही विचारू नका. त्या ट्यूबचा व्हॉल्व्ह फ्रेंच आहे, पेट्रोलपंपावरच्या नळीला तो बसत नाही, आणि त्याचं अ‍ॅडॅप्टर अप्पांच्या दुसऱ्या खिशात असतं.